एकच आकडा, दोन बरण्या : घरच्या गांज्याच्या मुरवणीचं एक प्रकरण

प्रकरण चार झाडांचं आहे. जिथे घरी मोजकी झाडं लावायला कायद्याची परवानगी आहे अशा ठिकाणचं. कॅनडात २०१८ पासून बहुतेक प्रांतांत एका घराला चार झाडं लावता येतात, जर्मनीत एप्रिल २०२४ पासून एका प्रौढ व्यक्तीला तीन. भारतात १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली अशी लागवड गुन्हा आहे, तेव्हा इथल्या वाचकाने हे वनस्पतीशास्त्र आणि साठवणशास्त्र म्हणून वाचावं.

झाडं लावणारे गृहस्थ निवृत्त, नीटनेटके, वही ठेवणारे. त्यांची तक्रार अशी : एकाच दिवशी कापलेला माल, एकाच पद्धतीने बरण्यांत भरलेला, दोन्हीकडच्या हायग्रोमीटरवर (आर्द्रतामापकावर) आर्द्रता ६२ टक्के. पण एका गटाच्या बरण्या उघडल्या की लिंबू-मिऱ्याचा घमघमाट येतो आणि दुसऱ्या गटाच्या उघडल्या की नाकात अमोनिया चढतो. ‘मुरवण्याची कोणती पद्धत बरोबर?’ हा त्यांचा प्रश्न होता. मुरवणं म्हणजे सुकवलेले तुरे, म्हणजे फुलांचे गुच्छ, बंद बरणीत काही आठवडे ठेवून वास भरू देणं. रोज दोनदा झाकण उघडायचं की एकदा, काच बरी की डबा, आर्द्रतेच्या पुड्या टाकायच्या की नाही.

त्यांची वही वाचल्यावर मला पहिल्यांदा जाणवलं ते हे, की बिघाड मुरवणीत नव्हताच. तो आधीच झाला होता, बरण्यांनी फक्त तो उघड केला.

वहीत काय होतं

चार झाडांचे दोन गट केलेले. पहिल्या गटातली दोन झाडं ओली असतानाच पानं छाटून, तुरे देठापासून सुटे करून जाळीवर पसरली होती. जागा म्हणजे एक बंद कपाट. आत छोटा हीटर आणि तुऱ्यांवर थेट रोखलेला पंखा. तापमान ३० ते ३२ अंश, आर्द्रता ३५ टक्क्यांच्या आसपास. सुट्या तुऱ्यांचं ओलं वजन ४८० ग्रॅम. चौथ्या दिवशी तुरे हाताला कुरकुरीत लागले म्हणून १३५ ग्रॅमवर माल बरण्यांत गेला.

दुसऱ्या गटाला कपाटात जागा उरली नाही, एवढंच कारण. ती दोन झाडं फांद्यांसकट एका रिकाम्या, अंधाऱ्या खोलीत दोरीवर उलटी टांगली. खिडकीला जाड पडदा, पंखा भिंतीकडे तोंड करून मंद चालू. तापमान १७ ते १९ अंश, आर्द्रता ५५ ते ६० टक्के. अकराव्या दिवशी बारीक काड्या वाकवल्यावर लवण्याऐवजी टचकन मोडू लागल्या, तेव्हा छाटणी करून बरण्या भरल्या. गृहस्थांच्या मते ही ‘आळशी’ पद्धत होती आणि पहिली ‘शास्त्रीय’. हीटर असला की माणसाला शास्त्रीय वाटतं खरं.

कुरकुरीत म्हणजे सुकलेलं नव्हे

ताज्या तुऱ्यात साधारण तीन चतुर्थांश ते चार पंचमांश पाणी असतं. चांगला सुकलेला माल १० ते १२ टक्के ओलाव्यावर येतो. म्हणजे ओल्या वजनाच्या साधारण २२ ते २८ टक्के वजन उरायला हवं. ४८० ग्रॅमचे हे साधारण १०७ ते १३५ ग्रॅम होतात. गृहस्थांनी १३५ वर, म्हणजे अगदी वरच्या टोकाला थांबवलं होतं. ताज्या तुऱ्यांत मुळात पाणी जास्त असेल, तर यातले बरेच ग्रॅम जादा पाण्याचे. वजनावरून पक्का निकाल देता येत नाही, कारण प्रत्येक वाणाचं आणि प्रत्येक झाडाचं कोरडं प्रमाण वेगळं. पण शंका घ्यायला एवढं पुरेसं होतं.

हे पाणी कुठे होतं? गाभ्यात. गरम कोरडी हवा वेगाने फिरली की तुऱ्याचा बाहेरचा थर झपाट्याने सुकतो. आतलं पाणी बाहेर सरकायला वेळ लागतो आणि सुकून आकसलेला बाहेरचा थर त्याची वाट आणखी अडवतो. बोटांना लागतो तो कडक बाहेरचा थर, आत मात्र भाकरीच्या कच्च्या पोटासारखी ओल. असा तुरा बरणीत बंद केला की काही तासांत आतलं पाणी बाहेर झिरपतं आणि सकाळी कुरकुरीत असलेला माल संध्याकाळी मऊ लागतो. गृहस्थांच्या वहीत पहिल्याच रात्री नोंद होती : ‘बरणीत टाकल्यावर माल परत नरम झाला, छान मुरतोय.’

तो मुरत नव्हता. घामेजत होता.

अमोनियाचा वास त्या ओल्या गाभ्यातून येत होता. पाणी भरपूर, हवा कोंडलेली, अशा ठिकाणी जिवाणू वनस्पतीतली प्रथिनं आणि इतर नत्रयुक्त द्रव्यं फोडतात आणि अमोनिया सुटतो. हा वास ‘कच्चेपणाचा’ असून आठवडाभरात जातो, अशी समजूत बरीच पसरलेली आहे. वास झाकण उघडं ठेवल्यावर जातोही. पण तो आला याचा अर्थ आत काहीतरी जगत होतं.

मग ६२ कसे?

या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच. आकडा बरोबर आणि माल ओला, हे एकाच वेळी कसं शक्य आहे?

आधी मापकं तपासली. ही चाचणी कुणीही करू शकतं : बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्यायचं, ओल्या वाळूसारखं होईल इतपतच पाण्याचे थेंब टाकायचे, ते झाकण आणि हायग्रोमीटर एका हवाबंद डब्यात एकत्र बंद करून रात्रभर ठेवायचे. खोलीच्या तापमानाला मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिरावते. मीठ पूर्ण विरघळून त्याचं पाणी झालं तर मात्र चाचणी फुकट. चांगल्या गटातल्या मापकाने ७६ दाखवले. अमोनियावाल्या गटातल्या मापकाने ६९. स्वस्त डिजिटल मापकांत इतकी चूक अगदी नेहमीची, एकाच खोक्यातून निघालेल्या दोन नगांतसुद्धा. म्हणजे त्या बरणीतले ‘६२’ प्रत्यक्षात ६८ होते.

तरीही ६८ वर अमोनिया? तेवढ्याने समाधान होत नव्हतं. मग त्यांना आकडा नेमका कधी वाचता हे विचारलं. उत्तर : सकाळी झाकण उघडायचं, पाच मिनिटं वारा लागू द्यायचा, झाकण लावायचं, आणि मग चहा होईपर्यंत थांबून आकडा लिहायचा. म्हणजे वहीत लिहिलेला आकडा बऱ्याच अंशी खोलीतल्या हवेचा होता. बरणीतली हवा आणि माल यांचा समतोल बसायला बारा तास लागतात, दाट तुरे असतील तर दिवसभर. समतोलाआधी वाचलेला आकडा मालाबद्दल फारसं सांगत नाही.

तपासलेलं मापक त्या बरणीत ठेवून रात्रभर झाकण न उघडता सकाळी वाचलं. ७७ दिसले, म्हणजे चूक वजा करून ७६.

साठवणशास्त्रात यासाठी जो शब्द वापरतात तो ‘वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी’, म्हणजे मालातलं किती पाणी सूक्ष्मजीवांना वापरता येईल याचं माप. बंद बरणीत समतोल साधल्यावरची आर्द्रता भागिले शंभर, की हे माप मिळतं. एएसटीएम या मानक संस्थेने सुक्या फुलोऱ्यासाठी ०.५५ ते ०.६५ ही मर्यादा ठरवली आहे, म्हणजे बरणीत ५५ ते ६५ टक्के. ०.६५ च्या खाली बहुतेक बुरशी वाढू शकत नाही. ०.७० च्या वर कोरड्यात तग धरणाऱ्या बुरशी हळूहळू जाग्या होतात, आणि पाऊण ते ०.८० च्या पट्ट्यात अ‍ॅस्परजिलस या बुरशीच्या काही जातींना वाव मिळतो. आपली बरणी ०.७६ वर होती, तीही झाकण उघड-बंद करून काही पाणी आधीच गेल्यावर.

उघडून पाहिलेले तुरे

पहिल्या गटाच्या तीन बरण्या होत्या. प्रत्येकीतले मोठे तुरे निवडून मधोमध फोडले. बाहेरून पाहून निर्णय घेणं इथे निरर्थक आहे, कारण बोट्रायटिस ही राखाडी कुज गाभ्यातून सुरू होते आणि बाहेर दिसेपर्यंत आतला भाग गेलेला असतो. पहिल्या बरणीतल्या सगळ्यात जाड तुऱ्यात ती सापडली : देठालगत तपकिरी, ठिसूळ, बोट लावलं की राखेसारखी भुकटी. बोट्रायटिसला भरपूर ओल लागते, म्हणजे तिची लागण झाडावर किंवा कपाटातल्या पहिल्या दोन दिवसांत झाली असणार. बरणीने तिला फक्त मुदतवाढ दिली.

गृहस्थांचा प्रस्ताव : तेवढा तुरा फेकू, बाकीचे ठेवू. घासाघीस झाली. माझं मत ठाम होतं, संपूर्ण बरणी टाकायची. एका बंद जागेत सगळे तुरे एकमेकांना घासत होते, हवा एकच होती, आणि बीजाणू डोळ्यांना दिसत नाहीत. ‘जाळल्यावर काय उरतं?’ हा युक्तिवाद नेहमी येतो. पण धूर ओढताना सगळा माल एकदम जळत नाही. जळत्या टोकामागच्या, न जळलेल्या भागातून हवा खेचली जाते आणि बीजाणू त्या हवेबरोबर फुफ्फुसात जाऊ शकतात. शिवाय काही बुरशींची विषं उष्णतेला सहज दाद देत नाहीत.

आणखी एक गोष्ट बोलता बोलता कळली. या मालातला काही भाग त्यांना एका मैत्रिणीला द्यायचा होता. तिची केमोथेरपी चालू होती. इथे चर्चा संपली. प्रतिकारशक्ती कमी झालेल्या माणसाला अ‍ॅस्परजिलसचा फुफ्फुसातला संसर्ग जिवावर बेतू शकतो आणि दूषित गांजातून तो झाल्याच्या रुग्णनोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या संशोधकांनी २०१६ च्या विमा नोंदी तपासून २०२० मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. गांजा वापरणाऱ्यांत बुरशीजन्य संसर्गाची नोंद असण्याची शक्यता साडेतीन पट दिसली. त्यावरून कारण सिद्ध होत नाही, पण अशा रुग्णाच्या हाती घरगुती, न तपासलेला माल न देण्याला तेवढं पुरे. नेदरलँड्समध्ये औषधी वापराचा फुलोरा गॅमा किरणांनी निर्जंतुक करून मगच रुग्णाकडे जातो, ते उगाच नाही. मैत्रिणीने काय घ्यावं आणि काय नाही हे तिच्या डॉक्टरांना विचारायचं, एवढंच ठरलं. चांगल्या गटातला मालसुद्धा तिला द्यायचा नाही, हेही.

उरलेल्या दोन बरण्यांचं काय केलं

त्यांत कुज दिसली नाही. एकीत अमोनिया हलका होता, दुसरीत जवळपास नव्हता. गृहस्थांना वाटलं की आता दिवसातून चारदा झाकण उघडलं की काम होईल. ०.७६ वरचा माल झाकण उघडून सुकवणं म्हणजे खिडकीची फट ठेवून ओले कपडे वाळवणं. पाणी जातं, पण ज्या वेगाने जायला हवं त्या वेगाने नाही, आणि तोवर धोका चालूच. म्हणून माल बरणीबाहेर काढला, मोठे तुरे हाताने लहान केले, जाड देठ काढून टाकले (देठातलं पाणी सगळ्यात शेवटी निघतं), आणि त्याच थंड अंधाऱ्या खोलीत जाळीवर एका थरात पसरला. हीटर नाही, वाऱ्याचा थेट झोत नाही. दुसऱ्या दिवशी परत बरणीत, रात्रभर बंद, सकाळी वाचन ६६. परत काही तास बाहेर. मग ६१.

६१ वर आकडा दोन दिवस हलला नाही, तेव्हा कुठे मुरवण सुरू झाली असं म्हणता येईल.

आर्द्रतेच्या पुड्यांचा प्रश्न त्यांनी मध्येच पुन्हा काढला. या पुड्या जास्तीचा ओलावा शोषतात आणि कमी पडला तर सोडतात. ५८ आणि ६२ टक्क्यांच्या सहज मिळतात. नीट सुकलेल्या मालाला स्थिर ठेवायला त्या उपयोगी आहेत. ओल्या मालात टाकली की पुडी पाणी पिऊन फुगते, तिची क्षमता संपते, आणि तोवर आकडा मात्र खोटा धीर देतो. म्हणून आधी पुडीशिवाय समतोलाचं वाचन, पुडी नंतर. आणि माल फारच कोरडा झाला म्हणून संत्र्याची साल किंवा कोबीचं पान बरणीत टाकायची जी युक्ती सांगितली जाते, ती तर ओल आणि बुरशी दोन्हींना पाटावर बसवून जेवू घालण्याची.

मुरवणीत होतं काय

दुसऱ्या गटाला आम्ही जवळपास हात लावला नाही. रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्या, पाऊणच भरलेल्या, बंद कपाटात, १८ अंशांच्या आसपास. पहिला आठवडा दिवसातून एकदा झाकण उघडून वास घ्यायचा आणि पुन्हा बंद करायचं, पुढे तीन-चार दिवसांतून एकदा, महिन्यानंतर क्वचित. झाकण उघडण्याभोवती अकारण कर्मकांड जमलं आहे. माल ६० टक्क्यांवर बसलेला असेल तर झाकण उघडणं ही मुख्यतः तपासणी आहे, प्रक्रिया नव्हे, आणि प्रत्येक वेळी थोडा सुवास खोलीत निघून जातो.

तंबाखूच्या मुरवणीतून घेतलेलं एक स्पष्टीकरण इथे नेहमी सांगितलं जातं : सावकाश सुकताना पेशी काही काळ जिवंत राहतात, वितंचकं (एन्झाइम) स्टार्चचं साखरेत रूपांतर करतात, हरितद्रव्य फुटतं, म्हणून धूर सौम्य होतो. तंबाखूच्या बाबतीत हे भक्कमपणे दाखवलेलं आहे. गांजाच्या बाबतीतही दिशा तीच वाटते, आणि या प्रकरणाशी ते जुळतं : चार दिवसांत गरम हवेने मारलेल्या पहिल्या गटाचा रंग गर्द हिरवा राहिला आणि वास वाळल्या गवताचा, दुसरा गट फिकट ऑलिव्ह झाला. पण लक्षात घ्या, हे बदल ज्या टप्प्यात होतात तो सुकवणीचा आहे. पेशी मेल्यावर आणि पाणी निघून गेल्यावर बरणीत फारशा रासायनिक घडामोडी उरत नाहीत.

वासाचं गणित तर आणखी निर्दय आहे. सुवास राळेच्या ग्रंथींतल्या टर्पीनांचा. त्यातली मिरसीन, लिमोनीन, पायनीन ही हलकी मंडळी आधी उडतात, कॅरिओफायलीन आणि ह्युम्युलीन ही जड मंडळी टिकतात. रॉस आणि एलसोहली यांच्या १९९६ च्या अभ्यासात खोलीच्या तापमानाला सुकवून ठेवलेल्या फुलोऱ्यातलं बाष्पशील तेल आठवड्यात सुमारे ३१ टक्के आणि तीन महिन्यांत ५५ टक्के घटलं होतं. हे साध्या तापमानाला. ३२ अंश आणि थेट पंखा लावल्यावर पहिल्या गटातलं काय उडालं असेल याची कल्पना करता येते. उडालेलं बरणीत परत येत नाही, कितीही मुरवा. स्कंक या प्राण्यासारख्या उग्र दर्पाची गंधकयुक्त द्रव्यं वेगळी वागतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ती मुरवणीपर्यंत वाढून मग साठवणीत झपाट्याने उतरलेली दिसली.

चार आठवड्यांनी

दुसऱ्या गटाचा वास भरला, त्यातला तिखटपणा मवाळ झाला, गवताळ छटा गेली. पहिल्या गटाच्या वाचवलेल्या दोन बरण्यांत अमोनिया परतला नाही, गवताचा वास कमी झाला, पण लिंबाची छटा आली नाही. गृहस्थांनी आणखी दोन महिने ठेवून पाहू म्हटलं. ठेवायला हरकत नाही, फायदा होणार नाही, असं मी सांगितलं. तीन महिन्यांनी त्यांच्या वहीत पहिल्या गटापुढे एकच शब्द होता : ‘सपाट’. त्या मालातला काही भाग त्यांनी मग कंपोस्टात घातला.

साठवणीबाबत एकच बदल सुचवला. काचेच्या बरण्या त्यांनी खिडकीलगतच्या फळीवर हलवल्या होत्या, दिसायला छान म्हणून. फेअरबेर्न, लीबमन आणि रोवन यांनी १९७६ मध्ये दाखवलं होतं की साठवणीत कॅनॅबिनॉइड (गांज्यातली परिणामकारक द्रव्यं) नष्ट करणारा सगळ्यात मोठा घटक प्रकाश आहे, त्याच्यामागोमाग हवेमुळे होणारं ऑक्सिडेशन. नशा आणणारं टीएचसी हळूहळू सीबीएन या सौम्य द्रव्यात बदलत जातं आणि माल निस्तेज होतो. बरण्या पुन्हा कपाटात गेल्या. फ्रीझरचा विचारही त्यांनी बोलून दाखवला, पण गोठलेल्या ग्रंथी ठिसूळ होऊन हाताळताना झडतात. महिन्या-दोन महिन्यांत वापरायच्या मालासाठी ती उठाठेव कशाला?

पुढच्या काढणीसाठी वहीत त्यांनी स्वतःहून लिहिलं : हीटर नाही. सगळी झाडं टांगायची, जागा कमी पडली तर दोन टप्प्यांत कापायची. मोठे तुरे कापतानाच फोडून गाभा पाहायचा. मापकं आधी मिठावर तपासायची आणि प्रत्येकाची चूक किती ते त्याच्यावर पट्टी चिकटवून लिहायचं. वाचन सकाळी, झाकण उघडण्याआधी.